समर कॅम्प निवडताना

मे महिना आला की आईबाबांचा एकच प्रश्न असतो, मुलाला कोणत्या कॅम्पला घालू? आज मी जयपूरचं उदाहरण घेते. मेमध्ये तिथे पारा सहज 40 अंशांच्या पुढे जातो. म्हणून फीच्याही आधी वेळ विचारा. कॅम्प सुटतो भर दुपारी आणि मूल घरी येणार उघड्या रिक्षातून, तर तो कॅम्प माझ्या यादीतून बाद.

मग जाहिरात बघा. ‘दहा दिवसांत पंधरा ॲक्टिव्हिटी’ म्हणजे एकेका गोष्टीला जेमतेम दोन-तीन तास. जयपूरजवळच्या सांगानेरची ठसेछपाई घ्या. लाकडी ठसा रंगात बुडवून कापडावर मारणं कुणालाही जमतं. पण दुसऱ्या रंगाचा ठसा पहिल्याच्या रेषेत नेमका बसवायला हात बसावा लागतो, त्याला दिवस जातात. एका तासात मुलाच्या हाती रुमाल येतो, कला नाही. (फोटो मात्र छान येतात!)

चार्ल्स कोरिया यांनी आराखडा केलेल्या जवाहर कला केंद्रात उन्हाळ्यात मुलांची शिबिरं होतात. नाटक, नृत्य, चित्रकला वगैरे. अशा ठिकाणी मुलाला एकच विषय निवडू द्या. तुमचा नव्हे, त्याचा. नाव घालण्याआधी शिकवणाऱ्यांना भेटा, एका गटात किती मुलं ते विचारा. आणि पोहणं असेल, तर जीवरक्षक काठावर हजर असतो का, ते स्वतः जाऊन बघा.