बेरीची बरकत

लोणी कढवून तूप करण्याची विद्या ज्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली आहे, त्या घरांतील गृहिणीला भाजल्या लोण्याची, मसालेदार सारण भरलेली जाड बिस्किटे हा प्रकार परका वाटावा, याचे मला नेहमीच नवल वाटत आले आहे. अलीकडे शहरांतील बेकऱ्यांच्या काचेच्या कपाटांत हा जिन्नस ‘ब्राउन बटर कुकी’ असे भारदस्त नाव धारण करून बसलेला दिसतो, आणि त्यासाठी लागणारे लोणी कसे सिद्ध करावे हे तर एखादा गुह्य मंत्र कानात सांगावा अशा थाटात सांगितले जाते. वस्तुतः अकोले-संगमनेरपासून कर्जत-जामखेडपर्यंत, दप्तरी नाव २०२४ साली अहिल्यानगर झाले तरी बोलण्यात ज्याला लोक अद्याप नुसते ‘नगर’ म्हणतात त्या जिल्ह्यातील कोणत्याही दुभत्याच्या घरी, आठवड्याची साय विरजून, घुसळून काढलेले लोणी चुलीवर चढले की हा मंत्र आपोआप सिद्ध होत असतो. फरक एवढाच की, आपण तूप गाळून घेतो आणि तळाशी राहिलेली तांबूस बेरी साखर घालून मुलांच्या हातावर ठेवतो, किंवा फार तर कणकेत मळून टाकतो. आणि हा पदार्थ ज्यांनी रूढ केला त्या पाश्चात्त्य स्वयंपाक्यांनी ती बेरी गाळलीच नाही. या बिस्किटाचे सारे रहस्य त्या न गाळण्यात आहे.

ही बेरी म्हणजे काय, हे थोडे समजून घेतले तर पुढची पुष्कळशी कृती आपोआप उलगडते. बाजारात मिळणाऱ्या लोण्यात कायद्याप्रमाणे शेकडा ८० भाग स्निग्धांश असावा लागतो; उरलेल्यातील बहुतेक भाग पाण्याचा, आणि शेकडा दोनच्या आसपास भाग दुधातील प्रथिने, दुग्धशर्करा व क्षार यांचा. लोणी तापू लागले म्हणजे आधी त्यातील पाणी उकळते, आणि कढईतून जो तडतड आवाज येत राहतो तो त्या पाण्याचा. तो आवाज चालू आहे तोवर उष्णतामान शंभर अंशांच्या फारसे वर जात नाही. आवाज मंदावला, वरचा पहिला जाड फेस विरून दुसरा बारीक फेस आला, की पाणी सरले असे समजावे. आणि मग अल्पावधीत उष्णतामान चढून तळाशी बसलेली प्रथिने व दुग्धशर्करा यांचा परस्परांशी असा काही रासायनिक संयोग होतो की त्यातून तांबूस रंग आणि तो सर्वपरिचित खरपूस सुगंध उत्पन्न होतो. लुई कामिय मायार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १९१२ साली या प्रक्रियेचे वर्णन केले, म्हणून तिला त्याचे नाव मिळाले. परंतु भाकरीच्या पापुद्र्यावर उठणारे तपकिरी ठिपके आणि लाडवासाठी भाजलेल्या बेसनाचा घरभर दरवळणारा वास ही याच प्रक्रियेची अपत्ये असल्यामुळे, मायारसाहेबांच्या जन्मापूर्वीही आपल्या आज्यापणज्या तिच्याशी रोजचा व्यवहार करीतच होत्या. फ्रेंच लोक या अवस्थेतील लोण्याला त्याच्या वासावरून हेझल नामक कवचफळाचे नाव देतात. आपण त्याला वेगळे नाव दिले नाही, कारण आपल्या दृष्टीने ती तुपाच्या वाटेवरची एक मजल होती, मुक्काम नव्हता.

मसालेदार, जाड आणि पोटात सारण असलेल्या बिस्किटाचा इतिहास पाहू गेले तर तोही आपल्या मुलखाला अगदीच अपरिचित नाही. हॉलंडमध्ये डिसेंबरच्या आरंभी संत निकोलसचा सण येतो, त्यावेळी दालचिनी, लवंग, जायफळ, सुंठ इत्यादी मसाल्यांनी युक्त अशी स्पेक्युलास नावाची बिस्किटे घरोघर होतात, आणि त्यांचाच एक थोराड प्रकार दोन जाड थरांमध्ये बदामाचा गोड लगदा भरून करतात. हे मसाले हॉलंडच्या भूमीत पिकत नाहीत; ते पूर्वेच्या समुद्रातून ज्या डच कंपनीच्या गलबतांनी नेले, त्या कंपनीच्या वखारी सतराव्या शतकात आपल्या वेंगुर्ल्यास आणि सुरतेसही होत्या. सुरतेच्या वखारीतल्या डच भट्टीचा वारसा पुढे दोतीवाला या पारशी घराण्याकडे आला, आणि पावात ताडी पडते म्हणून तो न शिवणाऱ्या गिऱ्हाइकांसाठी ताडी व अंडे दोन्ही वर्ज्य करून जे खुसखुशीत बिस्किट निघाले तीच नानकटाई, अशी कथा परंपरेने सांगतात. कथेतील खरेखोटे इतिहासकारांनी निवडावे. पण महाराष्ट्रातील मध्यमवर्गाने नानकटाईला दिवाळीच्या फराळात चकली-करंजीच्या पंक्तीला बसवले, ही गोष्ट तर वादातीत आहे.

आणि ती बसवली भट्टीवाल्याच्या साह्याने. घरोघर विजेची ओव्हन येण्यापूर्वी, नगरसारख्या जिल्ह्याच्या ठिकाणी काय किंवा तालुक्याच्या गावी काय, दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात बेकरीसमोर जो मेळा भरत असे तो पाहिलेली माणसे आजही पुष्कळ आहेत. मैदा, रवा, पिठीसाखर, तूप अशी शिधासामग्री डब्यांत बांधून बायका सकाळीच नंबर लावीत. बेकरीतला कारागीर ते सारे परातीत फेसून देई, लोखंडी पत्र्यांवर गोळे मांडण्याचे काम मात्र बहुधा गिऱ्हाइकांच्याच अंगावर पडे, आणि कोणाचा पत्रा कोणता यावरून होणारे तंटे मामलेदाराच्या कचेरीत जाण्याइतके विकोपास जात नसले तरी दोन शेजारणींमधला अबोला तुळशीच्या लग्नापर्यंत टिकवण्यास पुरेसे असत. या व्यवस्थेत एक शहाणपण होते, आणि ते आजच्या ओव्हनवाल्यांनी ध्यानात घेण्याजोगे आहे. लाकडाच्या भट्टीत आधी पावाचा घाणा निघे, कारण पावाला कडक आंच लागते. तो निघाल्यावर भट्टी जसजशी निवत जाई तसतशा उतरत्या आंचेवर नानकटाया आत जात. जाड बिस्किटाला हीच आंच मानवते. चढत्या आंचेत त्याची कड करपते आणि पोट कच्चे राहते.

तथापि याच भट्टीच्या जमान्यात नानकटाईची चव उतरणीस लागली, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि तो दोष भट्टीचा नसून डब्यातल्या तुपाचा होता. १९३७ साली ‘डालडा’ बाजारात आला. वनस्पती तेलांत हायड्रोजन वायू मिसळून घट्ट केलेला हा पदार्थ स्वस्त होता, टिकाऊ होता, आणि दिसायला तुपासारखा दाणेदार होता. त्याने बिस्किट खुसखुशीत होई यात संशय नाही, किंबहुना साजूक तुपापेक्षा अधिकच होई. पण वनस्पती तुपात दुधाचा अंश नाही, सबब त्यात बेरी नाही, आणि बेरी नाही तिथे तो खरपूस वास येणार कोठून? ती उणीव लोकांनी वेलदोड्याच्या पुडीने आणि व्हॅनिलाच्या अर्काने झाकली. आज जे भाजल्या लोण्याचे कौतुक चालले आहे ते माझ्या मते या गमावलेल्या वासाचेच कौतुक आहे.

हे बिस्किट नगर जिल्ह्यात करावे असे म्हणण्यास आणखी एक कारण आहे. हा जिल्हा पर्जन्यछायेतला, निम्मा-अधिक अवर्षणप्रवण. परंतु भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पूर्ण होऊन प्रवरेचे पाटपाणी उत्तरेकडील तालुक्यांत फिरले, त्यामागून ऊस आला, आणि १९५० साली विठ्ठलराव विखे पाटलांनी अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या साह्याने लोणी येथे सहकारी साखर कारखाना उभा केला. उसाच्या जोडीला दुभते आले. राहुरीच्या कृषी विद्यापीठाने होल्स्टीन, जर्सी आणि आपली गीर अशा तिन्ही रक्तांच्या मिश्रणातून ‘फुले त्रिवेणी’ ही गाय तयार केली, आणि आज दूध-उत्पादनात हा जिल्हा महाराष्ट्रात अग्रभागी गणला जातो. गाईच्या लोण्याला पिवळसर झाक असते आणि म्हशीचे पांढरे शुभ्र असते, कारण चाऱ्यातील कॅरोटीन गाय दुधात तसेच बरेचसे उतरू देते आणि म्हैस त्याचे जीवनसत्त्व करून टाकते. भाजण्यासाठी दोन्ही चालतात, मात्र पांढऱ्या लोण्यात बेरीचा बदलता रंग डोळ्यांना लवकर कळतो, म्हणून नवख्याने म्हशीच्या लोण्यावर हात बसवावा हे बरे.

आता कृतीकडे वळू. २०० ग्रॅम बिनमिठाचे लोणी घ्यावे; खारवलेले पिवळे लोणी घेतल्यास त्यातील सारे मीठ बेरीत उतरून बिस्किट खारट होते. घरचे लोणी असेल तर ते पाण्याने चार-चारदा धुण्याचा नेहमीचा शिरस्ता या प्रसंगापुरता सोडावा, कारण ताकाचा जो अंश धुऊन जातो त्याचीच पुढे बेरी व्हायची असते. जाड बुडाच्या, शक्यतो उजळ रंगाच्या पातेल्यात ते मंद आंचेवर कढवावे. काळ्या कढईत तळाचा रंग दिसत नाही आणि तांबूस व काळा यांमधील अंतर अर्ध्या मिनिटाचे असते. दुसरा फेस आला, तळाशी बदामी कण दिसू लागले, की पातेले उतरवून सर्व काही बेरीसकट दुसऱ्या थंड भांड्यात ओतावे, नाहीतर तापल्या बुडावर भाजणे चालूच राहते. हे लोणी आता सुमारे १६५ ग्रॅम भरेल, कारण पाणी उडून गेले आहे. ते तसेच पातळ पिठात ओतण्याचा मोह आवरावा. पातळ लोण्याचे बिस्किट भट्टीत पसरून चपटे होते. भांडे बाजूला ठेवून लोणी सायीसारखे दाट होईपर्यंत थांबावे, मग त्यात ११० ग्रॅम पिठीसाखर घालून हलके होईपर्यंत फेसावे. त्यानंतर २५० ग्रॅम मैदा, ५० ग्रॅम बेसन, अर्धा चमचा बेकिंग पावडर, चिमूटभर मीठ आणि मसाला मिसळून, उडालेल्या पाण्याची भरपाई म्हणून दोन-तीन चमचे दूध शिंपडून गोळा करावा. तो मळू नये, नुसता गोळा करावा.

मसाल्याच्या बाबतीत लोक फार उधळेपणा करतात. बेरीचा वास जात्याच नाजूक. त्यावर लवंग आणि दालचिनी यांची मुठीने उधळण केली तर लोणी भाजण्याचा सारा खटाटोप व्यर्थ जातो. एवढ्या पिठाला अर्धा चमचा वेलदोडापूड, पाव चमचा सुंठ, तितकीच दालचिनी, दोन लवंगांची पूड आणि किसणीवर चार वेळा फिरवलेले जायफळ एवढे पुरे.

सारणासाठी परदेशी चॉकलेट किंवा बदामाचा लगदा शोधत बसण्याचे प्रयोजन नाही; संक्रांतीच्या गुळपोळीचे सारण येथे अक्षरशः जसेच्या तसे चालते. १०० ग्रॅम किसलेला मऊ गूळ (चिक्कीचा गूळ नव्हे, तो थंड झाल्यावर दाताला दाद देत नाही), ६० ग्रॅम भाजून कुटलेले तीळ, थोडी भाजलेली खसखस आणि तुपावर खमंग भाजलेले दोन चमचे बेसन. या बेसनाचे काम केवळ चवीचे नाही. गूळ तापला की पातळ होऊन वाट शोधू लागतो. पोळीत असो की बिस्किटात, बेसन व तीळ त्याला धरून ठेवतात. खव्याचे सारण चवीला उत्तमच, पण त्याचे बिस्किट दोन दिवसांत संपवण्याची तजवीज आधी करावी.

पिठाचे ४५-४५ ग्रॅमचे गोळे करून प्रत्येकाची वाटी करावी, तीत सुपारीएवढे सारण ठेवून मोदकाप्रमाणे तोंड मिटावे, मात्र कळी न काढता शिवण खाली येईल असे पालथे ठेवावे. असे तेरा-चौदा नग होतात. ते तासभर फ्रिजमध्ये ठेवावेत, कारण थंड गोळा बाहेरून कड धरेपर्यंत आतली स्निग्धता वितळत नाही आणि बिस्किट उंच राहते. दाबून चपटे करू नयेत. जाडी हाच या पदार्थाचा धर्म आहे. ओव्हन १७० अंशांवर तापवून त्यात १८ ते २० मिनिटे भाजावे. ओव्हन नसेल तर जाड पातेल्यात बोटभर वाळू किंवा मीठ पसरून, आत तिवई ठेवून, झाकण लावून दहा-पंधरा मिनिटे ते तापवावे आणि मग मंद आंचेवर थाळी आत सरकवून अर्धा तास धीर धरावा. वरून रंग थोडा फिकाच राहील, पण चवीत उणे पडणार नाही. कड बदामी झाली की बिस्किटे बाहेर काढावीत. त्यावेळी ती बोटाला मऊ लागतात, आणि कच्ची राहिली या समजुतीने पुष्कळ लोक ती पुन्हा आत ढकलून वाळवून टाकतात. वास्तविक त्यांना घट्टपणा येतो तो निवताना, म्हणून अर्धा तास त्यांना हात लावू नये. आतला गूळही तोवर तोंड भाजण्याइतका तापलेला असतो.

डब्यात घालण्यापूर्वी ती पूर्ण निवलेली असावीत. दुसऱ्या दिवशी मसाला व बेरी एकमेकांत अधिक मुरतात, आणि आठवडाभर चव उत्तम राहते. त्यापुढे तिळाच्या तेलाला खवट वास येण्याचा संभव असतो. पारनेर-संगमनेरकडच्या कित्येक घरांत मैद्याऐवजी बाजरीचे पीठ वापरता येईल काय अशी पृच्छा होते. बाजरीत गव्हातील चिवट ग्लुटेन नसल्यामुळे तिची वाटी सारण भरताना भेगाळते आणि गूळ भट्टीतच बाहेर येतो. तेव्हा निम्मी बाजरी व निम्मा मैदा घेऊन, सारणाचा नाद सोडून, तीळ पिठातच मिसळावेत आणि सुंठ किंचित वाढवावी. भाजल्या लोण्याशी बाजरीचे मेतकूट गव्हापेक्षाही अधिक जमते, असे मला वाटते. फक्त हे बिस्किट हातात धरताच मोडते, म्हणून ते बशीत द्यावे.