वीस अंशांच्या रेषेवरचं नाशिक

रामकुंड एका टोपोशीटवर, नाशिकरोडचं रेल्वे स्टेशन दुसऱ्यावर आणि गंगापूर धरण तिसऱ्यावर. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या 1:50,000 प्रमाणाच्या नकाशांत नाशिकची अशी वाटणी झाली आहे, कारण 20 अंश उत्तर अक्षांशाची रेषा या शहरातूनच जाते. रेषेच्या वर 46 एच/16, खाली 47 ई/13. धरणासाठी पश्चिमेची 46 एच/12 काढावी लागते. जुन्या नकाशांच्या आधारे नाशिकचं उपग्रहचित्र जमिनीवर बसवायचं, तर आधी हे कागद स्कॅन करून कडेला कड जुळवणं आलं.

आजच्या उपग्रहचित्रांसोबत अक्षांश-रेखांश येतात. ते उपग्रहाच्या कक्षेवरून आणि कॅमेऱ्याच्या रोखावरून काढलेले असतात, म्हणून जमिनीवरच्या खुणांशी ताडून पाहावे लागतात. या कामाला जिओरेफरन्सिंग म्हणतात. क्यूजीआयएससारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये चित्रातला एक ठिपका निवडायचा आणि त्याची जमिनीवरची खरी जागा सांगायची. असे अनेक ठिपके दिले की संगणक उरलेलं चित्र त्यांच्या आधाराने ताणून बसवतो.

ठिपके कुठले घ्यायचे, हे गाव ओळखणाऱ्यालाच नीट कळतं. पुलाचं टोक चालतं, लोहमार्ग आणि रस्ता जिथे एकमेकांना छेदतात ती जागा चालते, धरणाच्या भिंतीचा कोपरा चालतो. गंगापूरच्या जलाशयाची कड मात्र घेऊ नये. ऑक्टोबरात ती जिथे असते तिथून मे महिन्यात बरीच आत गेलेली असते. गोदावरीचा काठही तसाच बेभरवशाचा.

साध्या, पहिल्या घाताच्या गणिताला तीन ठिपके पुरतात. तीनच दिले तर संगणक चूक शून्य दाखवतो, आणि नवखा माणूस खूश होतो. पण तीन ठिपक्यांवर ते गणित नेहमीच तंतोतंत बसतं. त्या शून्यावरून काहीच सिद्ध होत नाही. म्हणून जास्तीचे ठिपके घ्यावेत, ते चारी बाजूंना पसरलेले असावेत आणि काही निव्वळ तपासणीसाठी राखून ठेवावेत. सगळे ठिपके मुंबई–आग्रा महामार्गावरचेच असले, तर महामार्ग छान जुळेल आणि त्याच्या दोन्ही अंगांना किती चुकलं याचा पत्ताही लागणार नाही.

दुसरी अडचण दीडशे-दोनशे वर्षांपूर्वीची आहे. आपल्या जुन्या टोपोशीट एव्हरेस्टच्या 1830 च्या गोलाभावर, म्हणजे पृथ्वीच्या आकाराच्या गणिती प्रारूपावर, आखलेल्या आहेत आणि त्यांचा मूळ बिंदू मध्य प्रदेशातल्या कल्याणपूरला आहे. जीपीएस चालतं डब्ल्यूजीएस 84 या वेगळ्या प्रारूपावर. एकातले आकडे दुसऱ्यातले समजून वाचले, तर नाशिकच्या परिसरात जागा शंभर मीटरहून जास्त सरकते. गोदाघाटावर एवढ्या अंतरात पात्र, घाट, मंदिरं, वाडे सगळं येतं. 2005 च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानंतर खुल्या मालिकेचे नकाशे डब्ल्यूजीएस 84 वर निघू लागले. जुने कागद मात्र अजून कचेऱ्यांच्या कपाटांत आहेत आणि वापरातही आहेत.

त्र्यंबकेश्वरकडे वळलं की डोंगर आडवे येतात. मे 2005 मध्ये सोडलेल्या कार्टोसॅट-1 उपग्रहाचा एक कॅमेरा 26 अंश पुढे रोखलेला होता, दुसरा 5 अंश मागे. पायथ्यापासून 500 मीटर उंच असलेलं शिखर पुढच्या कॅमेऱ्याच्या चित्रात सुमारे 244 मीटर ढळतं, मागच्यात उलट दिशेला 44 मीटर. या फरकातूनच डोंगराची उंची काढता येते, आणि त्यासाठीच हे दोन कॅमेरे होते. मात्र ब्रह्मगिरी, अंजनेरीचं एकेकटं चित्र सपाट धरून ठिपक्यांवर बसवलं तर ते कधीच जुळणार नाही. उंचीचं प्रारूप सोबत घेऊनच ते सरळ करावं लागतं.

प्रत्येक कामाला सारखी अचूकता लागत नाही, हेही सांगायला हवं. नाशिकच्या दिंडोरी रोडवरची ‘मेरी’, म्हणजे 1959 मध्ये स्थापन झालेली महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था, धरणांत साठलेला गाळ उपग्रहचित्रांवरून मोजते. वेगवेगळ्या पाणीपातळ्यांना पाण्याचा पसारा किती, हे चित्रात मोजून साठा काढला जातो. तिथे अख्खं चित्र वीस मीटर सरकलेलं असलं तरी पसाऱ्याचं क्षेत्रफळ बदलत नाही. प्रमाण चुकलं तर मात्र साठ्याचा आकडाच बिघडतो.

पूररेषेचं तसं नाही. सप्टेंबर 2008 च्या महापुराने नाशिककरांना पूररेषेचं महत्त्व चांगलंच शिकवलं. निळी रेषा सरासरी 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. कुठल्या गटात बांधकाम होणार, हे त्या रेषांवर ठरतं. गुंठ्याची बाजू 33 फूट, म्हणजे साधारण 10 मीटर. रिसोर्ससॅटच्या लिस-4 कॅमेऱ्याचा पिक्सेल 5.8 मीटरचा. दोन पिक्सेलची चूक झाली की रेषा अख्खा गुंठा ओलांडते आणि एखाद्याचं घर आत किंवा बाहेर जातं. त्यात ज्या गावनकाशावर ती रेषा चढवायची, त्याची मुळं साखळीने केलेल्या मोजणीत. म्हणजे चूक दोन्हीकडून येते.

म्हणून पूररेषेच्या प्रत्येक नकाशाच्या कोपऱ्यात चित्राची तारीख, आधाराचे ठिपके आणि तपासणीत निघालेली चूक मीटरमध्ये छापलीच पाहिजे. सिंहस्थासाठी गोदाकाठी रस्ते, घाट आणि साधुग्रामाच्या जागा आखल्या जातात, तेव्हा ज्याची जमीन त्या रेषेखाली येते त्याला या तीन गोष्टी मागण्याचा हक्क आहे.