जुन्या कापडाची पारख

कोल्हापूरच्या वायव्येस सुमारे वीस किलोमीटरांवर, समुद्रसपाटीपासून तीन हजार फुटांहून अधिक उंचीवर वसलेल्या पन्हाळगडाचे वर्णन करू लागले म्हणजे लोक सिद्दी जौहरचा वेढा, तीन दरवाजा आणि अंबरखान्याची धान्यकोठारे सांगून थांबतात. परंतु हा गड केवळ इतिहासाच्या दप्तरात जमा झालेला नाही, त्याच्या तटाच्या आत आजही संसार नांदत आहेत, आणि जेथे मृगापासून हस्तापर्यंत धुके उंबरठा ओलांडून घरात येते, दांडीवर घातलेले लुगडे दोन दोन दिवस वाळत नाही, तेथे पांघरुणाचा बंदोबस्त हे संसाराच्या हिशेबातील एक मुख्य कलम असते. या बंदोबस्ताचे या मुलखातील परंपरागत साधन म्हणजे वाकळ, जुन्या कापडाचे थर एकत्र शिवून केलेले पांघरूण. चैत्र-वैशाखाच्या उन्हात जुनी लुगडी-धोतरे धुऊन, कडकडीत वाळवून, पावसाच्या आत ती शिवून ठेवायची, आणि नवरात्राच्या आधी घरातल्या साऱ्या वाकळा पुन्हा एकदा धुऊन काढायच्या, हा येथील गृहिणींचा पिढ्यान् पिढ्यांचा शिरस्ता.

आज शिवणकाम हौस म्हणून शिकू इच्छिणारा मनुष्य बहुधा यंत्राच्या खरेदीपासून प्रारंभ करतो आणि मापांचे कागद, तयार नमुने, रंगीत रिळे यांचा सरंजाम जमवितो. त्यात गैर काही नाही. परंतु शिवणकलेचा पाया यंत्रात नसून कापडाच्या पारखीत आहे, हे त्याला पुष्कळ कापड वाया गेल्यानंतर उमगते. कोणते कापड कोठे घालावे, ते कोणत्या दिशेने ताणले जाईल, कोठे आधी विरेल आणि कोठे शेवटपर्यंत टिकेल, हे ओळखणारी दृष्टी वाकळीइतकी स्वस्तात आणि निश्चितपणे दुसरे कोणतेही काम देत नाही, असे माझे मत आहे.

प्रथम वाकळीचा हिशेब पाहू. नऊवारी लुगडे म्हणजे सत्तावीस फूट लांबीचे आणि सुमारे पावणेचार फूट पन्ह्याचे कापड. त्याचे चार समान भाग केले, तर पावणेसात फूट लांबीचे चार थर मिळतात, आणि एवढी लांबी-रुंदी एका माणसाच्या पांघरुणास पुरेशी असल्यामुळे, फारशी काटछाट न करता एका लुगड्यातून हलकी वाकळ निघते. पाच वारांचे धोतर हाताशी असले तर त्याचे साडेसात फुटांचे दोन थर मध्ये घालून ती जाड करता येते. मात्र लुगडे सर्वत्र सारखे विरत नाही. कासोट्याच्या आणि बसण्याच्या जागी ते आधी झिरझिरीत होते, काठ घट्ट विणीचे असल्यामुळे मधले कापड जीर्ण झाले तरी धड राहतात, आणि पदर तर बहुधा नव्यासारखाच असतो. म्हणून जाणती गृहिणी विरलेला भाग थरांच्या आत लपविते, पदर वरच्या बाजूस घेते आणि काठ कापून त्यांची पट्टी चारी कडांना लावते, कारण अंगावर ओढताना हाताची ओढ कडेवरच बसते. नायलॉन किंवा पॉलिएस्टरची साडी वाकळीला चालत नाही, असे ती म्हणते, तेही हटवादाने नव्हे: तो धागा सुईखाली निसटतो, घाम टिपत नाही, आणि पाण्यात सुती थर आटला तरी हा आटत नसल्यामुळे पहिल्याच धुण्यानंतर वाकळ फुगते.

प्रत्यक्ष शिवण्याची रीत पाहण्यासारखी आहे. स्वच्छ झाडलेल्या जमिनीवर पहिला थर ताणून अंथरतात आणि त्याच्या कोपऱ्यांवर पाटा, वरवंटा, भरलेला तांब्या असे हाताशी येईल ते वजन ठेवतात. त्यावर दुसरा, तिसरा थर तळहाताने सुरकुती काढीत पसरतात, कडा आत दुमडून घेतात, आणि थर जागचे हलू नयेत म्हणून वीतभर अंतरावर लांब लांब कच्चे टाके घालून ठेवतात. मग सासू-सुना किंवा जावा-जावा समोरासमोर बसून कडेपासून धावदोरा घालू लागतात आणि चारी बाजूंनी, बोटभर अंतर राखीत, चौकोनात चौकोन धरून मध्याकडे सरकतात. टाका ज्वारीच्या दाण्याएवढा. सुई प्रत्येक टाक्याला ओढून काढायची नाही. तिच्यावर चार-पाच टाके भरून घ्यायचे आणि दोरा एकदाच ओढायचा. तो फार ताणला तर कापड चुण्या धरते, आणि सैल सोडला तर रात्री पायाच्या बोटात अडकून तटकन तुटतो. दोरा हातभरापेक्षा लांब घेऊ नये, कारण लांब दोरा गुंततो आणि इतक्या थरांतून वारंवार गेल्यामुळे शिवतानाच झिजतो. गाठ मारायची ती थरांच्या पोटात, वर दिसता कामा नये.

या साध्या धावदोऱ्यात उबेचे रहस्य आहे. ऊब कापडापेक्षा थरांच्या मध्ये कोंडलेल्या हवेची असते. टाके त्या हवेचे लहान लहान कप्पे पाडतात आणि थर एकमेकांवरून घसरू देत नाहीत. म्हणूनच हीच युक्ती परस्परांशी फारसा संबंध नसलेल्या लोकांनी स्वतंत्रपणे वापरलेली आढळते. बंगालचा कांथा, सिंधमधील रल्ली, उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दी स्त्रियांची कवंदी ही त्याच कुळातील कामे. आणि जपानच्या ज्या थंड उत्तर भागात कापूस पिकत नसे, तेथील शेतकरी स्त्रियाही भांगेच्या धाग्याच्या जाड कापडावर टाक्यांची दाट रांग घालून ते उबदार आणि टिकाऊ करीत असत.

आता यंत्राकडे वळू. टोकाजवळ नेढे असलेली सुई आणि खालून येणारा दुसरा दोरा यांच्या योगाने पक्की टीप घालणाऱ्या यंत्राचे पेटंट एलायस हौ याने १८४६ मध्ये अमेरिकेत घेतले, आणि १८५१ मध्ये आयझॅक सिंगर याने आपले सुधारलेले यंत्र पुढे आणून ते घरोघर पोहोचविण्याचा मार्ग मोकळा केला. यंत्रांविषयी साशंक असणाऱ्या महात्मा गांधींनीही १९२४ मध्ये सिंगरच्या यंत्राला अपवादाचा मान दिला, तो अशा समजुतीने, की पत्नीचे सुई-दोऱ्याचे कष्ट पाहवले नाहीत म्हणून त्या माणसाने ते घडविले. तथापि वाकळ अजून बहुतांशी हातानेच शिवली जाते, त्यालाही कारण आहे. यंत्रात सुईच्या खालचे दाते सर्वांत खालचा थर पुढे ढकलतात, तर कापडावर टेकणारा धातूचा पाय वरच्या थराला अडवून धरतो. दोनच थर असतील तर हा फरक जाणवत नाही, पाच-सहा असले की वरचे कापड मागे राहून शेवटी गोळा होते. यंत्रावरच शिवायचे असेल, तर कच्चे टाके जवळ जवळ घालावेत, ११ क्रमांकाच्या बारीक सुईऐवजी १६ क्रमांकाची घ्यावी, टीप मोठी ठेवावी आणि आधी त्याच कापडांच्या चिंध्यांवर चालवून वरच्या-खालच्या दोऱ्याचा ताण पाहावा. गाठी वर दिसल्या तर वरचा दोरा फार ताणलेला आहे, खाली दिसल्या तर सैल आहे, असे समजावे.

नवशिक्याने एकदम मोठी वाकळ हाती घेऊ नये. तीन फूट चौरसाचे, तीन थरांचे बाळाचे दुपटे हा उत्तम आरंभ. त्यानंतर जुन्या पँटच्या कापडाची बाजाराची पिशवी शिवावी. २०१८ मध्ये महाराष्ट्रात प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आल्यापासून तिची गरज वेगळी सांगायला नको. पिशवीचा बंद जेथे जोडला जातो, तेथे एकेरी टीप न घालता चौकोन आणि त्यात फुली घालावी, म्हणजे दहा किलो ज्वारीचा भार एका रेषेवर न येता विभागला जातो. झबले शिवताना गळ्याच्या गोटासाठी पट्टी उरेब कापावी. उभा धागा मुळीच देत नाही, आडवा थोडा देतो, तिरके कापड मात्र गोलाईवर वळते. आणि सर्वांत शेवटी, धीर असेल त्याने रफू शिकावे: त्याच कापडाच्या दुमडीतून काढलेले धागे भोकावर उभे मांडायचे, मग सुईने एकाखालून, एकावरून असे आडवे विणीत जायचे, आणि भोकाच्या कडेपलीकडे थोडे धड कापडातही शिरायचे, नाहीतर रफू टिकते आणि भोवतालचे कापड फाटते.

आर्थिकदृष्ट्या पाहता हा सारा उद्योग आज तोट्याचा आहे, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. याच जिल्ह्यातील इचलकरंजीत १९०४ मध्ये पहिला यंत्रमाग आला, त्यानंतर दोनच वर्षांनी कोल्हापुरात शाहू मिलचा पाया घातला गेला, आणि चिंधीही फेकून न देण्याइतके जे कापड एके काळी मोलाचे होते, ते हळूहळू मुबलक झाले. बाजारातले ब्लँकेट वाकळीच्या मजुरीपेक्षा स्वस्त पडते. त्यामुळे काटकसर हा आता शिवणकामाचा मुख्य युक्तिवाद राहिलेला नाही. उरते ती पारख, आणि तिचा उपयोग सुई खाली ठेवल्यावरही होतो. ज्याने एक वाकळ पुरी केली, तो तयार कपड्याच्या दुकानात रंगाला आणि किमतीच्या चिठ्ठीला भुलत नाही. सदरा उलटा करून शिवणीला माया किती सोडली आहे, टीप किती दाट आहे, काखेत जोड कसा दिला आहे हे पाहतो, आणि कापड कमी पडल्याच्या खुणा दिसल्या, तर तो सदरा कितीही स्वस्त असो, दुकानदाराच्या हाती परत देतो.