फुकटाचे मोल

"सर, तो फळा उघडूनच नाही राहिला जी!"

गडचिरोलीकडच्या माझ्या एका विद्यार्थ्याचा फोन आला आणि माझ्या पोटात धस्स झाले. हा फळा लाकडाचा नव्हे. एका परदेशी कंपनीने इंटरनेटवर फुकट दिलेला. पावसाळ्यात नाल्यांना पूर आला की जंगलातल्या गावांची एस.टी. बंद पडते. मग रेंज मिळेल त्या टेकडीवर बसून मुले याच फळ्यावरून व्याकरण शिकत. कंपनीने तो बंद केला आणि दोन वर्षांची माझी टिपणे गेली. तशी सूचना आली होती म्हणे. पण सूचना वाचतो कोण? शिवाय तक्रार कोणत्या तोंडाने करणार? एक पै मोजली नव्हती!

तेव्हापासून मी हिशेब मांडू लागलो : आपल्याला जे फुकट मिळते, त्याचे पैसे भरतो कोण?

शब्द अडला की मी मोल्सवर्थचा कोश इंटरनेटवर उघडतो. त्याची दुसरी आवृत्ती १८५७ साली मुंबई सरकारसाठी छापली गेली. आज शिकागो विद्यापीठाने तो सर्वांना खुला केला आहे, अमेरिकेच्या शिक्षण खात्याच्या अनुदानातून. म्हणजे चंद्रपूरच्या वर्गातल्या मराठी शब्दाचे पैसे तिकडच्या करदात्याने मोजले! मराठी विकिपीडिया २००३ पासून चालतो तो देणग्यांवर आणि बिनपगारी लिहिणाऱ्यांवर. देणगीचे आवाहन दिसले की मी ते घाईने मिटवत असे, दानपेटीपुढे देवळाचे खांब न्याहाळणाऱ्या गृहस्थासारखा.

धडा मिळाला तो शेजारच्या जिल्ह्यातच. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गोंड गावाला २००९ साली जंगलावरचा सामूहिक हक्क मिळाला. या गावाचा स्वतःचा ग्रामकोश आहे. गावकरी मिळकतीतला वाटा त्यात घालतात. जंगल सर्वांचे, तेव्हा ते राखण्याचा भारही सर्वांचा.

यंदा दिवाळीच्या खर्चातून मी विकिपीडियाला वर्गणी पाठवली. सौ. म्हणाली, "फुकट मिळते त्याला पैसे देणारे तुम्हीच!"

मी म्हटले, "अगं, गणपतीची वर्गणी देतोच ना आपण? आरती तर फुकटच ऐकायला मिळते!"

ती हसली. पण मला टेकडीवरचा तो मुलगा आठवत होता. त्याला पैसे देणे परवडणार नाही. मी पगारदार आहे.