चौकटीतले व्यंगचित्र

आपल्याकडे ठाण्या-कल्याणच्या जुन्या घरांत ओटीवर तसबिरी असत. राजा रविवर्म्याच्या छापखान्याने १८९४ पासून छापलेल्या लक्ष्मी-सरस्वती शिळाछापानेच घरोघर पोचल्या. आता कोणी हौशी गृहस्थ त्याच भिंतीवर एखादे जुने राजकीय व्यंगचित्र काच-चौकट करून लावतो. शिळाछापाच्या दगडावरून असली चित्रेही निघत. पण दोहोंत मोठा भेद आहे. तसबीर टांगण्यासाठीच काढलेली असते. व्यंगचित्र त्या आठवड्याच्या भांडणासाठी.

ते भांडण कधी जिवावर बेते. दोमिए या फ्रेंच चित्रकाराने १८३१ साली राजा लुई फिलिप याला गोरगरिबांचा पैसा गिळणारा राक्षस म्हणून रेखाटले, आणि त्यापायी १८३२ साली त्याला तुरुंगात जावे लागले. आज तेच चित्र पाहून पाहुणे म्हणतात, ‘काय गमतीचे आहे!’

हा प्रकार आपल्याला परका नाही. लंडनचे ‘पंच’ १८४१ साली निघाले. पुढे त्याच नावावरून मुंबईत ‘हिंदी पंच’ आणि खुद्द ठाण्यात ‘हिंदुपंच’ ही पत्रे निघाली. १९०७ साली सुरतेला काँग्रेस दुभंगली, खुर्च्या उडाल्या, जोडा फेकला गेला. ‘हिंदी पंच’ने त्यावर चित्रे काढली. पण या पारशी संपादकाच्या पत्राचा कल मवाळांकडे होता, हे ठाऊक नसेल तर त्यातले टिळक पाहून आपण काय समजणार? एका पक्षाचा टोमणा आपण इतिहासाची साक्ष मानून बसू.

चौकट करणाराही नकळत हेच करतो. लंडनच्या ‘व्हॅनिटी फेअर’मध्ये १८६९ पासून १९१४ पर्यंत रंगीत व्यक्तिचित्रे येत, आणि प्रत्येकाबरोबर त्या माणसावरचा मजकूर असे. भिंतीवर चित्र गेले, मजकूर गळाला. चित्राखालची ओळ आणि तारीख काठाला आली की तीही कापली जाते.

नक्कल असल्याचा विषाद मानण्याचे कारण नाही. भिंगाखाली ठिपक्यांची सारखी जाळी दिसली, तर ती बहुधा अलीकडची छपाई समजावी; अस्सल शिळाछापात रेघ खडूसारखी खरबरीत दिसते. पण नक्कलही खरे बोलू शकते. त्यासाठी चौकटीखाली चार गोष्टी लिहाव्यात: पत्राचे नाव, तारीख, प्रसंग, आणि चित्रकार कोणत्या बाजूचा. एवढे केले की भिंतीवरची शोभा पुन्हा बोलू लागेल, आणि घरातले मूल विचारील, ‘हे भांडण कशाचे होते?’