अक्षरांच्या गोष्टी

बँकेत असताना नमुना सह्या मी चित्रे कल्पून लक्षात ठेवी: ही नांगरासारखी, ती विळ्यासारखी. जळगावची माझी नात आता जपानी लिपी अशीच शिकते. तिथल्या नित्य वापराच्या यादीत २१३६ अक्षरे. नुसती घोकून टिकत नाहीत, गोष्ट जोडावी लागते. माणसाशेजारी झाड म्हणजे ‘विसावा’. धुळ्याच्या उन्हात निंबाखाली टेकलेला शेतकरी मला लगेच दिसला! पण शेताखाली बळ म्हणजे ‘पुरुष’, इथे नात अडली. “आजोबा, कपाशी तर बायाच वेचतात!” आता ते अक्षर ती कधी विसरणार नाही. आसोद्याच्या बहिणाबाईंना अक्षरओळखच नव्हती. पण राबता राबता रचलेली त्यांची गाणी मनात राहिली आणि १९५२ साली पुस्तकरूपाने आली. आपल्या कामाशी बांधलेले माणूस सहसा विसरत नाही.