रात्रपाळी, जैविक घड्याळ आणि स्त्रीचे प्रजनन आरोग्य

हिवाळ्यात न्यूयॉर्कमध्ये सकाळचे ९ वाजतात, तेव्हा बंगळुरूमध्ये सायंकाळचे ७.३० झालेले असतात. वेळेच्या या फरकावर बंगळुरूतील माहिती तंत्रज्ञान-आधारित सेवांचा मोठा व्यवसाय उभा राहिला आणि रात्रपाळी हा अनेक स्त्रियांच्या रोजगाराचा भाग बनला. कारखान्यांत मात्र १९४८ च्या अधिनियमाने स्त्रियांच्या रात्रकामावर निर्बंध होते. कर्नाटकाने २०२३ मध्ये ते शिथिल केले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आलेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेनुसार स्त्रियांना त्यांच्या संमतीने सर्व प्रकारच्या आस्थापनांत रात्री काम करता येते. संधीच्या समानतेच्या दृष्टीने हे पाऊल महत्त्वाचे आहे. तथापि, रात्रपाळीची चर्चा प्रामुख्याने वाहतूक व सुरक्षिततेभोवती फिरते. शरीराच्या घड्याळाचा विचार तीत क्वचितच होतो.

घड्याळ आणि संप्रेरके

मेंदूतील हायपोथॅलॅमस या भागात सुमारे २०,००० चेतापेशींचा एक सूक्ष्म पुंजका असतो. डोळ्यांवाटे मिळणाऱ्या प्रकाशाच्या संकेतांवरून तो वेळ जुळवतो व शरीराची सुमारे २४ तासांची लय राखतो. प्रजननाची सूत्रेही हायपोथॅलॅमसमधूनच हलतात. तेथील संप्रेरक ठराविक अंतराने स्रवून पीयूषिका ग्रंथीला चालना देते आणि पीयूषिका अंडाशयाला. अंडाशयातील इस्ट्रोजेन पुरेसे वाढले की पीयूषिकेतून ल्युटिनायझिंग हार्मोनची लाट उसळते आणि अंडोत्सर्ग होतो.

उंदरांमध्ये या लाटेची वेळ घड्याळच ठरवते. एव्हरेट व सॉयर या शास्त्रज्ञांनी १९५० मध्ये दाखवून दिले की, मादीला नेमक्या दुपारी गुंगीचे औषध दिल्यास अंडोत्सर्ग काही तासांनी नव्हे, तर पूर्ण एक दिवसाने लांबतो. स्त्रियांमध्ये हे बंधन इतके कडक नाही. मात्र लाटेची सुरुवात बहुधा पहाटे किंवा सकाळी होते.

बंगळुरूहून प्रकाशित झालेल्या ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात १९९१ मध्ये एक उल्लेखनीय निष्कर्ष आला. मदुराई कामराज विद्यापीठातील एम. के. चंद्रशेखरन व सहकाऱ्यांनी एका स्त्रीचा, समाजापासून आणि वेळेच्या सर्व खुणांपासून दूर ठेवून, अभ्यास केला होता. तिचे मासिक चक्र झोप-जागेच्या लयीशी जखडलेले नसल्याचे त्यांना आढळले. चंद्रशेखरन यांनी पुढे बंगळुरूच्या जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्रात काम केले. हा प्रयोग एकाच व्यक्तीवरील असला तरी त्याचा बोध मोलाचा आहे : झोपेची वेळ बदलली म्हणून चक्र लगेच कोलमडत नाही.

धोका कोठे आहे?

प्रश्न दीर्घकाळ, वारंवार बदलणाऱ्या पाळ्यांचा आहे. रात्रीचा प्रखर प्रकाश मेलाटोनिनचा स्राव दाबतो, तर प्रोलॅक्टिनचा स्राव झोपेशी निगडित असतो. अमेरिकेतील ७१,०७७ परिचारिकांच्या, २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, २० महिने वा अधिक काळ फिरत्या पाळीत काम करणाऱ्यांमध्ये अनियमित मासिक चक्राचे प्रमाण २३ टक्क्यांनी जास्त आढळले. डेन्मार्कमधील २०१९ च्या अभ्यासात, गर्भधारणेच्या आठव्या आठवड्यानंतर, आठवड्यात दोन किंवा अधिक रात्रपाळ्या केलेल्या स्त्रियांमध्ये पुढील आठवड्यात गर्भपाताचा धोका ३२ टक्क्यांनी अधिक दिसला. अशा पाहण्यांतून संबंध दिसतो, कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. परंतु सावधगिरीसाठी हा आधार पुरेसा आहे.

वेळापत्रकाचे अर्थकारण

रात्रपाळीचा लाभ उद्योगाला व ग्राहकाला मिळतो. आरोग्याचा खर्च मात्र स्त्री व तिचे कुटुंब सोसते. वेतनात त्याची नोंद होत नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९९० च्या रात्रकामविषयक करारात प्रसूतीच्या आधी व नंतर मिळून किमान १६ आठवडे रात्रकामाला पर्याय देण्याची तरतूद आहे. त्यांपैकी प्रसूतीपूर्वीचे किमान ८ आठवडे हे गर्भारपणाच्या अखेरीचे आहेत. डेन्मार्कमध्ये दिसलेला धोका त्याच्या कितीतरी आधी सुरू होतो.

म्हणून गर्भधारणा कळताच वेतनकपातीविना दिवसपाळी, सलग रात्रींवर मर्यादा, दोन पाळ्यांमध्ये पुरेशी विश्रांती आणि नियमित आरोग्य तपासणी यांना सेवाशर्तींमध्ये स्थान मिळाले पाहिजे. स्त्रियांना रात्रकामापासून पुन्हा वगळणे हा यावरील उपाय नव्हे. कायद्याने मागितलेली संमती अर्थपूर्ण व्हायची, तर संमती देणाऱ्या स्त्रीजवळ ही माहिती हवी आणि नकार दिल्यावरही तिची नोकरी टिकायला हवी.